रिकामा खिळा

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. तिसरा तास चालू होता. आमचे शेजारी, गिरणीवाले करीमभाई, पिठानं पांढरे झालेले तसेच दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, जल्दी घरी चला. फौजीचाचा गेले." त्यांच्या लुनावर मागे बसून मी स्टेशन रोडला आले. घरासमोर चारपाच माणसं जमली होती, आतून आत्याबाईंचा आवाज येत होता. आणि मी, या घरची एकुलती एक सून, घरात न जाता शेजारचं वर्कशॉपचं दार ढकलून आत गेले आणि भिंतीवरच्या फळ्यावर टांगलेली हत्यारं मोजायला लागले. एक, दोन, तीन... दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवीस भरली तेव्हा कुठं डोक्यावरून पदर घेऊन घरात गेले. जमलेल्या बायकांपैकी एकीनं हे पाहिलं आणि दहाव्यापर्यंत बदनापूरभर झालं की मास्तरीणबाईंना सासऱ्याच्या मरणापेक्षा पान्या-पकडींची काळजी जास्त! म्हणू देत. आज दोन महिने झाले. त्या मोजण्याचं कारण मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आमच्या यांनाही नाही. इथं सांगते आहे, कारण ते सांगितल्याशिवाय मामा कोण होते हे सांगता येणार नाही.

मामा म्हणजे माझे सासरे किसनराव. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणतात. एक्याऐंशी साली मी लग्न होऊन अंबडहून बदनापूरला आले. माझे वडील कोर्टात कारकून, त्यामुळं आमच्या घरी सगळे जण आपलीच बाजू मांडत असल्यासारखे मोठ्यानं बोलायचे. सासरी आले तर घर कुजबुजणारं. कोणाचा धाक आहे हेच कळेना. मामा तर कधी आवाज चढवत नसत, ताटात मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठत. एवढंच माहीत होतं, की ते आधी विमानदलात मेकॅनिक होते, मुदत संपल्यावर परत आले आणि आता शेतकऱ्यांची इंजिनं, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. वर्कशॉप घराला लागूनच. तिथं समोरच्या भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता. त्यावर खिळे, खिळ्यांना हत्यारं, आणि प्रत्येक हत्यारामागं त्याच्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. एखादं काढलं की मागची सावली उघडी पडायची, म्हणजे काय गेलंय ते लगेच कळावं. अशा तेवीस सावल्या होत्या. पण हत्यारं बावीसच. वरच्या रांगेतला पहिला खिळा रिकामा होता आणि त्याच्याखाली बोटभर लांबीच्या एका छोट्या पान्याची नुसतीच सावली होती. "इथलं हरवलं का हो?" असं मी पहिल्याच दिवशी नव्या नवरीच्या उत्साहात विचारलं.  आत्याबाईंनी मला दंडाला धरून आत नेलं.

आठवड्याच्या आत मी पराक्रम केला. डालड्याचा डबा उघडेना म्हणून वर्कशॉपात गेले, फळ्यावरचा एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणला, डबा उघडला आणि पेचकस स्टोव्हमागं ठेवून विसरून गेले. संध्याकाळी मामांनी दुकान आवरलं आणि मोजलं. एक कमी. ते घरात आले तेव्हा मी भाकरी थापत होते. इतका घामाघूम झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. रागावले असते तर मला कळलं असतं, माहेरी सवय होती. पण ते घाबरले होते. साठीकडं झुकलेला उंचापुरा माणूस भिंतीला धरून उभा आणि ओठ पांढरेफटक. त्यांनी पिठाचे डबे उपडे केले, अंथरुणं झटकली, आणि सारखं एकच विचारत राहिले, "अजून उडालं न्हाई ना? कोणीतरी सांगा ना, उडालं का?" काय उडालं, कुठं उडालं? मी पेचकस हातात दिला, तसे ते तो घेऊन गेले, खिळ्याला टांगला आणि तिथंच खाली जमिनीवर बसले. आत्याबाईंनी पाणी नेऊन दिलं. त्यांच्याही हातातला तांब्या हिंदकळत होता. त्यांचा हात कशानं कापत होता हे मला पुढं सोळा वर्षांनी कळलं. त्या दिवशी मात्र मी आमच्या वडिलांना पत्र लिहिलं, "तुम्ही मला वेड्याच्या घरात दिलंत."

वेडे नव्हते ते. फार तर असं म्हणेन, की एका ठरावीक रस्त्यानं ते सारखे जाऊन येत. औरंगाबादला उतरणारं विमान आमच्यावरून खाली येत जाई. त्याचा आवाज आला की मामा हातातलं काम टाकून रस्त्यावर येत आणि ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभे राहत. मग औरंगाबादहून येणाऱ्या एसटीची वाट बघत आणि कंडक्टरला विचारत, "तिकडं काही झालं न्हाई ना?" कंडक्टर लोक हसायचे. दुसरं म्हणजे, ते 'बराबर' हा शब्द कधीच उच्चारत नसत. आमच्या भागातल्या माणसाला हा शब्द टाळून दिवस काढायचा म्हणजे मीठ टाळून स्वयंपाक करण्यासारखं आहे. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, मोटार बराबर झाली ना?" मामा म्हणायचे, "चालवून बघा." तिसरं, सरकारी पाकीट. तपकिरी पाकीट आलं की ते तीन तीन दिवस न उघडता देव्हाऱ्यासमोर ठेवायचे, येता जाता त्याला हात जोडायचे आणि शेवटी आमच्या यांना फोडायला लावून स्वतः अंगणात जाऊन उभे राहायचे. आत माजी सैनिकांच्या मेळाव्याचं साधं आमंत्रण निघायचं. तेवढ्यानं त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

मी शाळेत लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी झेंडावंदनाला कोणीतरी माजी सैनिक बोलवा असं हेडमास्तरांनी सुचवलं. मी त्यांना न विचारताच आमच्या मामांचं नाव दिलं आणि घरी येऊन सांगितलं. माझा स्वभाव असाच, आधी हो म्हणायचं, मग घरच्यांना घोड्यावर बसवायचं. मामा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पोरांसमोर उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागं धरले होते, आणि मी मागच्या बाजूला बसले होते म्हणून मला ते हात दिसत होते... एकमेकांना घट्ट पकडून ठेवलेले. ते म्हणाले, "विमान उडवणारे येगळे असतात. आम्ही खाली राहतो." एवढंच.  मग पायऱ्या उतरून सरळ फाटकाबाहेर निघून गेले. हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले. माझं डोकं असं फिरलं, की शाळा सुटल्यावर दप्तर न ठेवता थेट वर्कशॉपात गेले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. "मामा, माझी पार शोभा झाली. दोन वाक्यं तरी नीट बोलायची होती." ते एका पंपाचे नट सोडवत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पोरी, त्या दिशी मी मोजलं न्हाई."

आणि मग त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते, त्यामुळं मागचं पुढं, पुढचं मागं होत होतं. मी ते जसं जुळवलं तसं लिहिते. एकाहत्तरच्या लढाईच्या थोडंसंच आधी ते रजेवर बदनापूरला आले होते. तार आली, लगेच या. हातात होतं ते घेऊन गाडीत बसले. दोन दिवस उभ्यानं प्रवास करून दुपारी तळावर पोचले आणि तसेच विमानावर कामाला लागले. बॉम्ब टाकणारं मोठं विमान, आत माणसं दोनच. उडवणारे मोठे साहेब आणि नकाशा बघून वाट सांगणारे छोटे साहेब. मामांची हत्यारांची पेटी होती, तिचा नंबर सतरा, आणि पेटीतल्या प्रत्येक हत्यारावर तो सतरा कोरलेला. नियम असा, की काम झालं की विमानाची झाकणं लावायच्या आधी पेटीतलं एक न् एक हत्यार मोजायचं. एखादा पाना आत राहिला आणि वर गेल्यावर कुठल्या तारेत, कप्पीत अडकला, तर विमान वळत नाही. मामांनी काम संपवलं, झाकणं लावली, पेटी बंद केली. डोळ्यांवर झापड होती, हात पाय बधिर झालेले. मोजायचं राहिलं. तिन्हीसांजेला दोघं साहेब आले. मोठ्या साहेबांची सवय होती, विमानाच्या पोटावर दोनदा थाप मारायची आणि मामांना विचारायचं, "सब बराबर?" मामा म्हणाले, "बराबर, साब." छोट्या साहेबांना पट्टे बांधून द्यायला मामा वर चढले. "त्यांचा हात माझ्या हाताला लागला. गार व्हता, बरफावानी. पोरगं भ्यालं व्हतं. मी म्हणलो, भिऊ नका साब, सब बराबर है. दुसऱ्यांदा म्हणलो, बघ."

बाकीची विमानं परत आली. हे आलं नाही. मामा चाकांखाली लावायचे ठोकळे दोन्ही हातांत घेऊन त्या रिकाम्या जागेशी उजाडेपर्यंत उभे होते. मग पेटी उघडून मोजलं. बोटभराचा एक पाना नव्हता. "कोणी विचारलं मला? कोणी म्हणजे कोणीच न्हाई. लढाई व्हती, विमान गेलं, दोघं बेपत्ता. चार दिसांनी मीच सांगितलं, एक पाना हरवलाय, दुसरा दिला त्यांनी. कोणी विचारलं असतं तर सांगून मोकळा झालो असतो. आता कधी विचारतील म्हणून वाट बघून राह्यलो." लढाईनंतर घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आत्याबाईंनाही विचारलं होतं, माझ्या कपड्यात एखादा पाना आला होता का. "ही न्हाई म्हणली. म्हणजे मंग इमानातच राह्यला." मामांनी मला शपथ घातली नाही, पण एवढंच म्हणाले, "हिला सांगू नको. ती लई भित्री हाय."

भीती सांगितली की अर्धी होते म्हणतात. खोटं आहे. मामांची तशीच राहिली आणि माझ्याकडं आली तीही पूर्णच आली. मला तो गार हात स्वप्नात लागायला लागला. मी शाळेतून येताना आकाशाकडं बघू लागले. तपकिरी पाकीट आलं की आता मीही त्याला हात जोडायला लागले. आमचे हे कृषी संशोधन केंद्रात नोकरीला, त्यांचा जीव तुरीच्या वाणात. त्यांना वाटायचं, बायको सासऱ्यासारखीच होत चालली. मला एकटीलाच माहीत होतं की या घरात एक माणूस रोज संध्याकाळी दुकान बंद करताना दोन माणसांना पुन्हा मारतो आणि मग हात धुऊन जेवायला बसतो. मी त्यांना खूप समजावलं. म्हटलं, शत्रूच्या तोफांनी पाडलं असेल, हवा खराब असेल, शंभर कारणं असतात. ते ऐकून घेत आणि म्हणत, "असंल." त्या 'असंल'पुढं माझं सगळं शिक्षण थिटं पडायचं.

अशी बाराएक वर्षं गेली. आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, जालन्याला. आता डोळ्याचं ऑपरेशन ते काय, पण त्यांनी आपण परत येणार नाही असंच धरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मला देवघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि देव्हाऱ्यातल्या देवांच्या टाकांमागं हात घालून एक पुरचुंडी काढली. जुन्या लुगड्याचा तुकडा, वर दोरा गुंडाळलेला, हळदीकुंकवानं माखलेला. "ही दुधना नदीत टाकून ये, बाई. उघडू नको." उघडू नको म्हटल्यावर न उघडणारी मी असते तर हा लेखच लिहावा लागला नसता. मी त्यांच्यासमोरच दोरा सोडला. आत बोटभर लांबीचा पाना होता. पदरानं कुंकू पुसलं... सतरा.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा पदरानं पुसत राहिले.  आत्याबाई कुजबुजत सांगत होत्या, की तार आल्यावर मामा घाईनं गेले, तळावरून घालून आलेले मळके कपडे इथंच राहिले. ते धुताना खिशात हा सापडला. त्यावर आकडा. शेजारच्या गावातल्या एकाला रेल्वेचं लोखंड घरात सापडलं म्हणून तेव्हाच बेड्या घालून नेलं होतं. सरकारी माल! कळलं तर धन्याला नेतील. म्हणून देवामागं लपवला. काही महिन्यांनी मामा आले ते पार उतरलेले, आणि आल्या आल्या पहिलं हेच विचारलं, खिशात पाना होता का. "त्यांचं त्वांड बघून मला वाटलं, पोलीस मागं लागलेत. मी म्हणलं, न्हाई बा. एकदा न्हाई म्हणलं, मंग हो कसं म्हणू?" सव्वीस वर्षं त्या रोज सकाळी त्या पान्यासकट देवाची पूजा करत होत्या. आणि मामा त्याच देव्हाऱ्यासमोर सरकारी पाकिटं ठेवून हात जोडत होते. दोघांमध्ये अंतर होतं ते एका टाकाचं.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ माझ्या पुढं धावते. "आत्याबाई, काय केलंत हे! तुम्हाला माहिती तरी आहे का, हा पाना विमानात राहिला म्हणून दोन माणसं मेली असं ते इतकी वर्षं समजतायत?" सगळं सांगून टाकलं, एका दमात. मामांनी सांगू नको म्हटलेलं, आत्याबाईंनी उघडू नको म्हटलेलं, दोन्ही एका दुपारी मोडलं.  त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला, मुठीत धरला आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "त्यांना सांगू नको, बाई. मला त्यांच्या डोळ्यांत बघायचं न्हाई." ऑपरेशन झालं, पण एका डोळ्याला उजेड आलाच नाही, दुसऱ्याला अंधुक. आणि मी? मी सांगितलं नाही. सुटकेचा पाना हाताशी असून मी जवळजवळ वर्षभर मामांना रोज मोजताना बघत राहिले. मला दोघांची भीती वाटत होती. मामा हे ऐकून काय करतील, आत्याबाईंना काय म्हणतील, आणि इतक्या वर्षांची भीती फुकटची होती हे कळल्यावर माणूस जगतो का तरी? रोज ठरवायची, आज सांगते. रोज चहा देऊन परत यायची.

ते काम शेवटी आत्याबाईंनीच केलं. रविवार होता, मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते. मामा खाली बसून इंजिनाचं काहीतरी उघडत होते. आत्याबाई भिंतीला धरत धरत वर्कशॉपात शिरल्या. लग्नापासून मी त्यांना तिथं पाऊल ठेवताना पाहिलं नव्हतं. त्या फळ्याजवळ गेल्या. डोळ्यांना सावल्या दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि एकेक हत्यार चाचपत निघाल्या. पक्कड, हातोडी, पाना, पाना... आणि अखेर वरच्या रांगेच्या सुरुवातीला हाताला नुसता खिळा लागला. रिकामा. कमरेच्या पिशवीतून तो पाना काढून त्यांनी त्या खिळ्याला अडकवला. हात सोडून मागं सरकल्या. "घरातच व्हता," त्या म्हणाल्या. "मी भ्याले व्हते."

माझ्या हातात ओलं धोतर होतं, त्याचं पाणी पायावर गळत होतं, आणि मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. मामा उठले. पाना काढून घेतला, उजेडात धरून बघितला, अंगठ्यानं सतरा चोळला. परत टांगला. सावलीवर तो असा बसला, जणू कालच तिथून काढला होता. मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि काम करायला लागले. आत्याबाई तशाच उभ्या.  मग मामा म्हणाले, "इतकी वर्षं एकटीच भ्यालीस व्हय? मला सांगितलं असतंस, तर दोघं मिळून भ्यालो असतो." आत्याबाई खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. मामा रडले नाहीत, तेव्हा नाही.

दुपारी आवाज आला, औरंगाबादचं विमान. मामा सवयीनं रस्त्यावर गेले, वर बघत उभे राहिले. ते गेलं. मामा तिथंच. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "मंग त्यांना काय झालं असंल?" लहान मुलासारखं विचारलं. इतकी वर्षं त्यांच्याकडं उत्तर होतं, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आणि मग तिथं, करीमभाईंच्या गिरणीच्या दारात, दळणाच्या बायकांसमोर, ते हमसून हमसून रडले. भीतीनं त्यांना त्या दोघांसाठी रडूही दिलं नव्हतं, हे मला त्या वेळी समजलं.

त्यानंतर पाच वर्षं मिळाली त्यांना, आणि ती बरी गेली. साहेबांच्या आठवणी निघायला लागल्या. त्या मोजून दहाबाराच होत्या, पण आम्ही त्या शंभरदा ऐकल्या. मोठे साहेब बेसूर गायचे आणि कोणी हसलं की आणखी मोठ्यानं गायचे. छोट्या साहेबांना उडायच्या आधी अन्न जात नसे, ते आपलं उकडलेलं अंडं कागदात बांधून मामांना द्यायचे. माळकरी घरातला माणूस, अंडं खायचा कसला, पण साहेबांचं मन मोडायचं नाही म्हणून घ्यायचे आणि तळावरच्या कुत्र्याला घालायचे. "त्या दिशीबी दिलं व्हतं. कुत्रं बी वाट बघून राह्यलं दुसऱ्या दिशी." आत्याबाई हे ऐकायला आता वर्कशॉपात येऊन बसायच्या, दोघांचा चहा तिथंच व्हायचा. पण मोजणं सुटलं नाही. मी एकदा चिडवलं, "आता कशाला मामा, मिळाला की पाना." ते म्हणाले, "पाना मिळाला, पोरी. पण मी मोजलं नव्हतं, ते न्हाई ना बदलत. मी न बघता बराबर म्हणलो." 

यंदा उन्हाळ्यापासून ते अंथरुणाला खिळले. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. वर्कशॉप बंदच होतं, तरी सकाळी मी शाळेला निघायच्या आधी मोजून यायचं, असा रिवाज पडला. मी परत आले की ते उशीवरून मान वळवून विचारायचे, "सब बराबर?" आणि मी म्हणायचे, "बराबर, मामा." तो शब्द घरात परत आला होता आणि तो माझ्या तोंडून यावा असं त्यांनी ठरवलं होतं. मी इमानदारीत मोजायचे. एकेकाला बोट लावून.

त्या दिवशी शाळेची तपासणी होती. साहेब येणार म्हणून सातच्या आत शाळेत पोचायचं होतं, फलकलेखन राहिलेलं, डबा राहिलेला, केसांत कंगवा अडकलेला. मी वर्कशॉपाचं दार नुसतं ढकललं, आत डोकावले, परत आले. "सब बराबर?" मामांनी विचारलं. "बराबर, मामा," मी चपला घालता घालता म्हटलं. ते माझ्याकडं बघत राहिले. तेवीस हत्यारं मोजायला किती वेळ लागतो हे त्या माणसाइतकं जगात कोणाला माहीत होतं?  नुसती मान हलवली, डोळे मिटले. करीमभाई आले ते तिसऱ्या तासाला.

म्हणून मी आधी मोजायला गेले होते. तेवीस होती, सगळी जागच्या जागी, जशी आदल्या दिवशी होती. माझ्या न मोजण्यानं काही झालं नाही, त्यांची वेळ आली होती, हे मला सगळं कळतं. मामांनाही असंच सगळं कळत होतं.

वर्कशॉप विकायचं चाललंय, आमचे हे गिऱ्हाईक बघतायत. फळा मात्र मी देणार नाही म्हणून सांगितलंय. रोज संध्याकाळी मी कुलूप उघडून आत जाते, मोजते आणि घरात येऊन सांगते, "बराबर." आत्याबाई देव्हाऱ्यापाशी बसलेल्या असतात. डोळे आता दोन्ही गेले आहेत, पण कान शाबूत. कुलपाचा आवाज आणि माझी पावलं यांच्यामध्ये किती वेळ गेला तो त्यांना बरोबर ऐकू येतो. परवा मला घाई होती. त्या म्हणाल्या, "मोजलंस ना, बाई? का नुसतंच म्हणतीस?"  किल्ली घेऊन परत गेले, दार उघडलं आणि वरच्या रांगेतल्या पहिल्या खिळ्यापासून सुरुवात केली.